दुरुस्तीसह मंजूर

काकांना कॉम्प्युटर शिकवायचा म्हटल्यावर माउस त्रास देणार हे गृहीतच होतं. दिलाच. दोन क्लिकच्या मध्ये विंडोज मुळात अर्धाच सेकंद देतं, आणि काका तेवढ्यात विचार करतात. वर हात हलतो तो वेगळाच. मग फाइल उघडायची सोडून शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. सेटिंगमध्ये क्लिकचा वेग कमी केला, भागलं. (नाहीच जमलं तर एक क्लिक आणि एंटर. हा राजमार्ग कुणी सांगतच नाही.) ओढून नेणं सॉलिटेअरने शिकवलं. १९९० पासून विंडोजमध्ये हे पत्ते होते, त्यांचं चीज झालं.

खरी पंचाईत पुढे झाली. काका पडद्यावरचं सगळं वाचतात.

आपण कुठे वाचतो? चौकट आली की फुली मारून मोकळे. काकांची सगळी नोकरी मसुदे तपासण्यात गेली. ‘मी यंत्रमानव नाही’ या ओळीपाशी ते थबकले.

“हे विचारतंय कोण?”

“कॉम्प्युटर.”

“म्हणजे यंत्रच ना?”

पुढे सिग्नलचे चौकोन निवडायचे होते. “खांब सिग्नलमध्ये धरायचा का?” हे मलाही आजतागायत कळलेलं नाही, तरी मी ठामपणे नाही म्हणालो.

मग आल्या अटी. ‘वाचल्या व मान्य आहेत’पुढे खूण करा म्हटलं.

“वाचल्या कुठे?”

“कुणीच वाचत नाही हो, काका.”

“म्हणजे खोटं लिहून द्यायचं?”

चष्मा बदलला गेला. कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की अक्षर मोठं होतं, हे मीच शिकवलं होतं. काकांनी ते इतकं वाढवलं की पडद्यावर जेमतेम दीड कलम मावायचं. वही-पेन आलं. अर्ध्यात पोचले तोच ‘आपलं सत्र संपलं आहे’ असं झळकलं. पुन्हा उघडून दिलं, तर काका पहिल्यापासून वाचायला बसले.

“अहो, तेच आहे सगळं!”

“कशावरून? आम्ही अटी कधीही बदलू शकतो, असं त्यांनीच लिहिलंय.”

संध्याकाळी वाचन संपलं. वहीचं पान हरकतींनी भरलं होतं. मी ‘मान्य’ आणि ‘रद्द’ ही दोन बटणं दाखवली. काकांनी दोन्ही नीट वाचली.

“आणि ‘दुरुस्तीसह मंजूर’चं कुठंय?”