सोलापुरी चादर बंद पडलेली नाही

‘सोलापुरात आता चादर बनतच नाही, सगळा माल पानिपतचा,’ असा मेसेज एका चिमणीच्या फोटोसकट फिरतोय. पानिपतचा स्वस्त माल सोलापूरच्या नावावर खपतो, एवढं खरं. पण शहराच्या पूर्व भागात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांचा खडखडाट चालूच आहे. बऱ्याच कारखानदारांनी चादर सोडून टॉवेल धरला, कारण त्याला परदेशातून मागणी आहे. याला धंदा बदलणं म्हणतात, टाळं लागणं नव्हे. टाळं लागलं ते कापड गिरण्यांना: १८७७ची जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. मेसेजमधल्या फोटोतली चिमणीही गिरणीचीच! चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ‘सोलापुरी चादर’ हे नाव सोलापूरच्याच मालाचं. घेताना उलटून बघा, जकार्डची, म्हणजे मागावरच विणलेली नक्षी दोन्हीकडून दिसते, फक्त रंग उलटे. छापील असेल तर दुकानदाराला सरळ विचारा, माल कुठला.