लाल रंग घेतला म्हणून कोणी इम्पोस्टर होत नाई

आपल्या गावच्या पोट्ट्यांमधी सध्या एक गोष्ट फिरून रायली का अमंग अस या व्हिडिओ गेममधी लाल रंग घेतला का गेम आपोआप इम्पोस्टर, म्हंजे लपून बाकीच्यायले मारणारा खेळाडू, बनवते. हे साफ चूक हाये भाऊ. इम्पोस्टर कोण होईन हे गेम रँडम ठरवते, रंगाचा त्यात काहीच संबंध नाई, 10 जण अन् 2 इम्पोस्टर असले तं प्रत्येकाचा चान्स पाचात एक, मंग तो लाल असो का पिवळा.

काल पारावर पाह्यलं, लहान पोट्टं लाल घेऊन बसलं होतं अन् पयल्याच मीटिंगमधी, कोणी काही पाह्यलं नसतानी, सगळ्यायनं त्याले वोट देऊन बाहेर काढलं, बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. असं काहून करता? व्हिज्युअल टास्क, म्हंजे करताना बाकीच्यायले दिसते असं काम, सेटिंगमधी चालू असन तं मेडबेमधी, म्हंजे गेममधल्या दवाखान्याच्या खोलीत, स्कॅन करताना पाहा, इम्पोस्टरले ते जमतच नाई, हा खरा पुरावा. अन् 2021 पासून शेपशिफ्टर नावाचा इम्पोस्टर बी आला, तो दुसऱ्याचं रूप घेते, म्हणून "म्या लालले मारताना पाह्यलं" एवढ्यावर बी भरोसा ठेवू नका. कोण कुठं होता हे आधी विचारा, मंग वोट द्या.