4 जुलै 1826 : दोन मृत्यू, एक तारीख आणि आपला आक्षेप

सप्रेम नमस्कार.

जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन या अमेरिकेच्या दोन माजी राष्ट्राध्यक्षांच्या एकाच दिवशी झालेल्या मृत्यूंविषयीच्या माझ्या लेखावर आपण इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे: स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला 50 वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी त्याचे दोन शिल्पकार जावेत, या घटनेला ‘योगायोग’ म्हणणे म्हणजे तिचे मोल कमी करणे होय, आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो 1831 मध्ये आणि स्वामी विवेकानंद 1902 मध्ये याच तारखेला गेले, हे मी लक्षात घेतले नाही, भीष्मांप्रमाणे या दोघांनीही आपल्या मृत्यूची वेळ निवडली असावी, आणि अशा लेखात जेफरसन यांचे कर्ज व गुलामांचा लिलाव यांचा उल्लेख करणे औचित्याला धरून नव्हते.

या तारखेला आज जे पावित्र्य आहे ते तिला हळूहळू लाभलेले आहे. ब्रिटनपासून स्वतंत्र होण्याचा ठराव वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने 2 जुलै 1776 रोजी संमत केला आणि पुढच्या पिढ्या 2 जुलै हाच दिवस उत्सवाने साजरा करतील, असे अ‍ॅडम्स यांनी दुसऱ्याच दिवशी पत्नी अ‍ॅबिगेल यांना लिहिले. 4 तारखेला स्वीकारला गेला तो जाहीरनाम्याचा मसुदा. त्यावरच्या बहुतेक सह्या तर 2 ऑगस्टच्या आहेत. उत्सवासाठी लोकांनी 4 जुलै ही तारीख धरली आणि 50 वर्षांत ती रूढ झाली.

आता मन्रो यांच्याविषयी. आजवर दिवंगत झालेले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष 40 आहेत. कोणतीही 40 माणसे घेतली, तर त्यांतल्या किमान दोघांची पुण्यतिथी एकाच तारखेला येण्याची शक्यता सुमारे 89 टक्के असते. तसे घडलेलेही आहे: मिलर्ड फिलमोर आणि विल्यम टाफ्ट हे दोघेही 8 मार्चला गेले, हॅरी ट्रुमन आणि जेराल्ड फोर्ड 26 डिसेंबरला. या जोड्यांची चर्चा कोणी करत नाही, कारण त्या तारखांना काही अर्थ चिकटलेला नाही. एकाच तारखेला तिघे, त्यांतले दोघे एकाच वर्षी आणि तेही सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी, हे निश्चितच दुर्मिळ आहे आणि ते मी नाकारत नाही. विवेकानंदांना मात्र या मालिकेत घेता येणार नाही, असे मला वाटते. त्यांना या दिवसाविषयी खरोखर ममत्व होते; 1898 मध्ये काश्मीरमध्ये असताना त्यांनी 4 जुलैवर कविता लिहिली होती. परंतु राष्ट्राध्यक्षांच्या यादीतून बाहेर पडून जगातल्या सर्व थोरांकडे आपण वळलो, की वर्षातल्या प्रत्येक दिवसाला अशी मालिका तयार होते.

इच्छामरणाचा आपला मुद्दा मला अधिक विचार करायला लावणारा वाटला. 83 वर्षांचे जेफरसन व्हर्जिनियात मॉन्टिसेलो या आपल्या मळ्यावर अंथरुणाला खिळलेले होते आणि 3 जुलैच्या रात्री त्यांनी ‘चार तारीख उजाडली का?’ असे विचारल्याची नोंद आहे. मध्यरात्र अजून व्हायची होती, तरीही उशाशी बसलेल्या निकोलस ट्रिस्ट यांनी होकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास जेफरसन गेले. त्यांना तो दिवस पाहायचा होता, हे उघड आहे. 90 वर्षांच्या अ‍ॅडम्स यांनी मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथे त्याच दिवशी सायंकाळी सहानंतर प्राण सोडला. पण इच्छाशक्तीने ओढून धरलेला श्वास ही माणसाची गोष्ट झाली आणि ईश्वरी संकेत ही दुसरीच; एकीचा पुरावा दुसरीसाठी वापरता येत नाही.

‘थॉमस जेफरसन अजून आहेत’ हे अ‍ॅडम्स यांचे अखेरचे शब्द म्हणून सांगितले जातात, आणि ते मित्राच्या मृत्यूनंतर काही तासांनी उच्चारले गेले म्हणून त्यांची हळहळ वाटते. मला त्या शब्दांमागची वर्षे महत्त्वाची वाटतात. अ‍ॅडम्स हरले आणि जेफरसन जिंकले त्या 1800 च्या अध्यक्षीय निवडणुकीने हे दोघे असे दुरावले होते, की 4 मार्च 1801 रोजी जेफरसन यांच्या शपथविधीला न थांबता अ‍ॅडम्स पहाटेच राजधानी सोडून गेले. अबोला जवळजवळ अकरा वर्षे टिकला. डॉक्टर बेंजामिन रश हे दोघांचे स्नेही; त्यांनी चिकाटीने मध्यस्थी केली आणि 1 जानेवारी 1812 रोजी अ‍ॅडम्स यांनी पहिले पत्र लिहिले. पुढच्या चौदा वर्षांत 158 पत्रे झाली आणि त्यांतली शंभराहून अधिक अ‍ॅडम्स यांची आहेत. एकमेकांना आपली बाजू समजावून सांगितल्याशिवाय आपण दोघांनी मरता कामा नये, असे त्यांनी 1813 च्या जुलैमध्ये लिहिले आणि ते वाक्य त्यांनी खरे करून दाखवले. धर्म, ग्रीक ग्रंथ, फ्रेंच राज्यक्रांती, वार्धक्य, गेलेल्या पत्नींचे दुःख, सगळे त्या पत्रांत आहे. उतारवयात, मतभेद कायम ठेवून, दोन मानी माणसांनी इतकी वर्षे एकमेकांशी बोलत राहणे हे मला त्या तारखेपेक्षा कितीतरी विलक्षण वाटते, आणि माझ्या लेखाचा रोख तोच होता.

लिलावाच्या उल्लेखाबाबत मात्र आपल्याशी सहमत होता येत नाही. अ‍ॅडम्स यांचे चिरंजीव जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी आपल्या दैनंदिनीत या दोन मृत्यूंना ईश्वरी कृपेची उघड खूण म्हटले. 2 ऑगस्ट रोजी बॉस्टनमध्ये डॅनियल वेबस्टर यांनी श्रद्धांजलीच्या भाषणात हाच सूर लावला: देश आणि त्याचे उपकारकर्ते परमेश्वराच्या छत्राखाली आहेत, याचा हा पुरावा. तो काळ आणि ते दुःख मी समजू शकतो. परंतु जेफरसन यांच्यामागे एक लाख डॉलरहून अधिक कर्ज उरले होते आणि ते फेडण्यासाठी 1827 च्या जानेवारीत मॉन्टिसेलोवर 130 माणसे विकायला काढण्यात आली. आजन्म गुलाम न बाळगणाऱ्या अ‍ॅडम्स यांच्या घरी असे काही होणार नव्हते. देवाच्या संमतीचा शिक्का ज्या मृत्यूवर मारला गेला, त्याच मृत्यूने या माणसांची घरे मोडली.

त्यांच्यातल्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो, कारण ती थेट आपल्या तारखेशी जोडलेली आहे. जेफरसन यांनी मृत्युपत्रात पाच जणांना मुक्त केले. त्यांपैकी लोहारकाम करणारे जो फॉसेट यांची मुक्तता मृत्यूनंतर एक वर्षाने व्हायची होती, म्हणजे 4 जुलै 1827 रोजी. त्याआधीच जानेवारीत त्यांची पत्नी एडिथ आणि मुले लिलावात वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेली. स्वतंत्र झाल्यावर फॉसेट यांनी पत्नीला आणि काही मुलांना परत मिळवले, आणि पुढे ते कुटुंब ओहायो राज्यात स्थायिक झाले. लिलावाच्या वेळी अकरा वर्षांचा असलेला त्यांचा मुलगा पीटर पुढे सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि 1900 मध्ये मॉन्टिसेलोला पाहुणा म्हणून जाऊन आला. 4 जुलैला झालेल्या मृत्यूंविषयी लिहिताना हे कुटुंब वगळणे मला शक्य नाही, म्हणून तो परिच्छेद लेखात तसाच राहील.