दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: विटांची भिंत, वरची पावलं आणि 'लक्झरी'

नमस्कार,

तुम्ही आमच्या लॉफ्टमध्ये, म्हणजे जुन्या गोदामातल्या उंच, मोकळ्या जागेत केलेल्या घरात राहिलात, दोन स्टार दिलेत आणि कारणंही सविस्तर लिहिलीत. पलंगामागच्या उघड्या विटांच्या भिंतीतून भुकटी पडते. वरच्या घरातली पावलं ऐकू येतात. लाकडी जमीन एका बाजूला उतरती आहे आणि तिच्यातल्या नव्या फळ्या ठिगळासारख्या दिसतात. खिडक्यांच्या जुन्या काचांतून समोरची इमारत वाकडी दिसते, छताला लाल पाइप उघडेच आहेत आणि पोटमाळ्यावरच्या झोपायच्या जागेला दार नाही. शेवटी 'याला लक्झरी म्हणणं ही फसवणूक आहे' असं लिहून तुम्ही निम्मे पैसे परत मागितले आहेत. फसवणूक हा शब्द मला लागला. म्हणून नुसते आभार मानून थांबत नाही, नीट उत्तर देते.

आधी भुकटीबद्दल. ही इमारत मुळात मालाचं गोदाम होती. भिंती मऊ भाजणीच्या विटांच्या आणि विटांमधले सांधे चुन्याचे. अशी भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. ओल बाहेर पडते ती मुख्यतः सांध्यांतून, कारण चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. पाण्याबरोबर आलेले क्षारही सांध्यातच साठतात, त्यामुळे झीज सांध्याची होते आणि वीट शाबूत राहते. तुमच्या उशीवर पडली ती ही झीज. सांधा पुन्हा भरता येतो, वीट पुन्हा आणता येत नाही.

भुकटी कायमची थांबवायचे दोन झटपट मार्ग आहेत आणि ते सुचवणारे कंत्राटदारही भरपूर भेटतात. एक, विटांमधले सगळे सांधे सिमेंटने भरून टाकायचे. दोन, भिंतीवर पारदर्शक सीलर, म्हणजे छिद्रं बंद करणारा लेप मारायचा. सिमेंट विटेपेक्षा कडक आणि घट्ट असतं. ओलीची सांध्यातली वाट बंद झाली की ती विटेतून बाहेर पडायला लागते, क्षार विटेच्या पृष्ठभागामागे धरतात आणि काही वर्षांत विटेच्या तोंडाच्या खपल्या निघायला लागतात. सीलरने ओल आतच कोंडली जाते, परिणाम तोच. जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं 1824 साली, पण त्यानंतरही कितीतरी दशकं चुन्यातच बांधकाम होत राहिलं. अशा भिंतींना पुढच्या काळात सिमेंटची मलमपट्टी करून किती नुकसान झालं, हे जुन्या इमारतींवर काम करणारा कुठलाही गवंडी सांगेल.

आमच्याकडे हे काम हातानेच होतं. गवंडी अरुंद छिन्नीने सैल झालेला चुना खरवडून काढतो. यंत्र लावू देत नाही, कारण ते विटेच्या कडा खातं. मग मऊ ब्रशने सांधा झाडतो, पाणी मारतो आणि चुना-वाळूचा घट्टसर माल बारीक थापीने दाबत दाबत भरतो. भरून झालं की भिंतीवर ओलं गोणपाट टांगून ठेवावं लागतं, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो आणि त्या आधी सुकला तर नुसती माती उरते. पलंगामागचा भाग या क्रमात पुढे घेतला आहे. तोवर पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढून मध्ये लाकडी पाठ लावली आहे, म्हणजे अंथरुणावर काही येणार नाही. भिंत मात्र सील होणार नाही.

पावलांच्या आवाजाबद्दल तुमची तक्रार मला पूर्ण समजते. झोपमोड झालेल्या माणसाला इमारतीचा इतिहास सांगून उपयोग नसतो. तरी कारण सांगते. वरची जमीन म्हणजे जाड तुळया आणि त्यांवर फळ्या. दीडशे मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे 360 किलो भरतं. लाकडी जमिनीचं त्याच्या कितीतरी कमी, आणि आवाज अडवायला वजनच लागतं. बोलण्याचा आवाज बराचसा अडतो, पण टाचेचा दणका तुळईतून थेट खाली उतरतो. खाली फॉल्स सीलिंग टांगलं असतं तर फरक पडला असता, पण तुळया कायमच्या झाकल्या गेल्या असत्या आणि खिडक्यांच्या कमानींचे माथेही कापले गेले असते. म्हणून उपाय वरच्या बाजूने केला आहे. फळ्यांवर लवचिक थर, त्यावर जाड लोकरी गालिचे, आणि घरात चपला-बूट नकोत असा नियम. एवढं करूनही थोडे दणके ऐकू येतात. बुकिंगच्या पानावर 'वरच्या मजल्यावर वावर असतो, हलकी झोप असणाऱ्यांनी विचार करावा' हे वाक्य पहिल्या परिच्छेदातच आहे.

आता जमीन. लाकडावर वर्षानुवर्षं भार राहिला की ते हळूहळू वाकतं आणि भार काढला तरी पूर्ण सरळ होत नाही. इथे मालाच्या राशी असायच्या, त्यामुळे मधला भाग बसला आहे. तुळया मजबूत आहेत, स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासलेल्या आहेत. वर भर घालून सगळं सपाट करता आलं असतं, पण म्हणजे तुळयांवर विनाकारण ओझं चढवायचं आणि मूळ फळ्या गाडून टाकायच्या. रस्त्याकडच्या मोठ्या दाराशी, जिथे वरून कप्पीने माल चढवत, तिथे वाकून पाहिलंत तर फळ्यांमध्ये दोन उथळ समांतर चर दिसतील. हातगाड्यांच्या लोखंडी चाकांनी पडलेले आहेत ते. हात फिरवला तर कडा गुळगुळीत लागतात. सँडिंग करणाऱ्या माणसाला मी तेवढ्या भागावर मशीन चालवू दिलं नाही.

नव्या फळ्या मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. जुन्या वास्तूंच्या जतनाच्या कामात 1964 ची व्हेनिस सनद, म्हणजे त्या कामाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, मानली जाते. तिच्या बाराव्या कलमात म्हटलं आहे की गेलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण वास्तूशी जुळला पाहिजे, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू आला पाहिजे. आम्ही त्याच जातीचं लाकूड घेतलं, जाडी आणि रुंदी तीच ठेवली आणि रंग लावून जुनेपणाचं सोंग आणलं नाही. तुम्हाला ते ठिगळ वाटलं. मला तो प्रामाणिकपणा वाटतो, आणि फसवणुकीचा आरोप झाला आहे म्हणून हे जरा ठासून सांगते.

काचांचंही असंच. त्या फुंकून नळकांडं करून, चिरून सपाट केलेल्या आहेत, म्हणून त्यांत लाटा आहेत. आज सगळीकडे दिसणारी एकसारखी सपाट फ्लोट काच पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये जाहीर केली. जुनी काच एकदा फुटली की तशीच सहज मिळत नाही. आवाज आणि थंडीसाठी आतून दुसरी चौकट बसवलेली आहे, मध्ये वीतभर अंतर ठेवून. रस्त्याचा आवाज आला नाही असं तुम्हीच लिहिलं आहे, तो त्या चौकटीमुळे.

लाल पाइप आगीच्या वेळी पाणी सोडणाऱ्या स्प्रिंकलरचे आहेत, ते झाकणार नाही. लोक लाकडी छत पाहून घाबरतात म्हणून सांगते, जाड तुळई आगीत मिनिटाला साधारण 0.7 मिलिमीटर या वेगाने जळत जाते आणि जळालेला कोळशाचा थर आतलं लाकूड वाचवतो. इमारतीतल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, खांबांची काळजी मला जास्त वाटते, कारण तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. म्हणून खांबांना आगरोधक रंगाचा थर आहे. पोटमाळ्याला दार नाही हे फोटोंत स्पष्ट दिसतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

राहिली लक्झरी. न्यूयॉर्कच्या सोहो या भागात कलावंत रिकाम्या कारखान्यांत राहायला लागले तेव्हा ते बेकायदा होतं. 1971 मध्ये तिथे कलावंतांना राहण्याची रीतसर परवानगी मिळाली, 1973 मध्ये तो भाग वारसा क्षेत्र झाला आणि 1982 मध्ये अशा भाडेकरूंसाठी लॉफ्ट कायदा आला. त्यांना हवी होती उंची, सलग मोकळी जागा आणि मोठ्या खिडक्यांचा उजेड. ऊन-वाऱ्याची गैरसोय त्यांनी सोसली, ती आमच्या पाहुण्यांना सोसायला लागत नाही. गरम पाणी, वातानुकूलन, गादी, स्वयंपाकघर यांतल्या एकाहीबद्दल तुमच्या रिव्ह्यूत तक्रार नाही. मी लक्झरी म्हणते ते या सोयी अधिक ती जागा, जी आज कोणी नव्याने बांधून देऊ शकत नाही. गुळगुळीत भिंती आणि निःशब्द छत हवं असेल तर नवीन इमारतीतलं घर घ्यावं, त्यात काहीच कमीपणा नाही.

निम्मे पैसे परत करणार नाही, कारण ज्या गोष्टींसाठी ते मागितले आहेत त्या सगळ्या बुकिंगपूर्वी लिहून आणि दाखवून दिलेल्या होत्या. पुन्हा यावंसं वाटलं तर सगळ्यात वरच्या मजल्यावरचा लॉफ्ट मागा. त्याच्या डोक्यावर कोणी राहत नाही, झोपायच्या खोलीला सरकतं दार आहे आणि पलंगामागची भिंत चुन्याच्या गिलाव्याची आहे. लिफ्ट मात्र त्याच्या एक मजला खालीच थांबते, शेवटचा जिना चढावा लागतो. सामान वर आणून द्यायला आमचा माणूस असतो, त्याला आधी फोन करा.