दत्ताच्या आजोबांचं वेब्ली आणि गजाचा भाव

मोंढ्याच्या कोपऱ्यावर काल विषय निघाला तो बीडच्या बंदुकीच्या परवान्यांवरून. कुणाचे रद्द झाले, कुणाचे राहिले, कुणाला कुणी दिले होते, यावर प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं. ती सगळी मतं पुन्हा एकदा म्हणून झाली. तेवढ्यात दत्तानं मोबाइल पुढं केला. फोटोत त्याच्या आजोबांचं वेब्ली, म्हणजे इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचं रिव्हॉल्व्हर. वडील गेल्यापासून दुकानदाराकडं जमा आहे. आता तो दुकानदार म्हणायलाय, हे जुनं मला दे, तुझा परवाना झाला की बदल्यात कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवंकोरं घेऊन जा, वरचे पैसे मी सोसतो.

"दे की मग," गजा म्हणला. "इचार कसला करायलास? जुनं लोखंड ते. नव्याला गॅरंटी असती, कव्हर असतं."

गजाला तुरीपासून प्लॉटपर्यंत सगळ्याचा भाव तोंडपाठ. राजदूत मोटरसायकल देऊन म्हैस घेतली होती यानंच, आणि ती भाकड निघाली. मास्तरांनी तेवढं एकदा आठवण करून दिलं. "म्हशीचं काढू नका," गजा म्हणला, "तिला नजर लागली होती."

शेखचाचा पोलीस मुख्यालयात आर्मोरर होते, हत्यारांची देखभाल-दुरुस्ती त्यांच्याकडं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"बोअर किती, दत्ता? नळीचं माप?"

"बत्तीस, चाचा."

"कागदावर बत्तीस का नुसतं तोंडानं बत्तीस?"

"परवान्यावर लिहिलंय."

"मग बोलू. .३८० नाही तर .४५५ ची गोळी घेणारं असतं तर प्रतिबंधित बोअर झालं असतं, म्हणजे साध्या माणसाला मनाई. मग भावाची गोष्टच नाही, घेणार कोण? आन तसलं बिनकागदाचं असतं तर सात ते चौदा वर्षं कैद, तो निराळा भाव. बत्तीस चालतं. आता हे सांग, दुकानदार इतका गोड का झाला?"

कुणीच बोललं नाही. मग चाचांनीच सांगितलं. बाहेरची हत्यारं ऐंशीच्या दशकापासून सरसकट यायची बंद झाली. देशात आहेत तेवढीच, तीच या हातातून त्या हातात फिरतात. म्हणून बर्मिंगहॅमचं, चालतं, कागदाचं बत्तीस बोअर दिसलं की जाणकार गिऱ्हाईक कानपूरच्या नव्यापेक्षा कितीतरी जास्त मोजतं. दुकानदाराला ते माहीत आहे. दत्ताला नव्हतं.

"आन परवाना तुझा झालेला नाही. वस्तू त्याच्या तिजोरीत, महिन्याचं भाडं तुझ्या डोक्यावर. घाई कुणाला? तुला. ज्याला घाई त्याचा माल स्वस्त."

मला हे मनापासून पटलं. आपल्याकडं किती घरांत हेच झालंय. बाप गेला की कायद्यानं हत्यार जमा करावं लागतं, ते बरोबरच आहे. पण पोरगं शेतात नाही तर पुण्याला कंपनीत, त्याला नळीतलं काही कळत नाही, आणि आजोबांची चीज चिल्लरीत जाते.

गजा गप्प बसणारा नाही. त्यानं मोबाइलवर अमेरिकेतला भाव काढला आणि डॉलर गुणायला लागला.

"तिकडचा भाव इथं कशाला?" चाचा म्हणले. "तिकडं दुकानात मिळतं, म्हणून स्वस्त. तू गुणून दत्ताचं नुकसानच करायलास."

"बरं, मग अँटिक म्हणा! अँटिकला परवाना लागत नाही, युट्यूबवर दाखवलंय."

"युट्यूबवाला जामीन राहतो का?" चाचा पहिल्यांदा तापले. "१९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, शंभर वर्षांवरची वस्तू त्यात येती. पण परवान्याची सुटका वयामुळं होत नाही. जे दुरुस्त करूनही उडणार नाही, अशा जुन्या हत्याराला ती सूट. हे तर आजही उडतंय."

"तेच म्हणतो," गजा म्हणला, "वाळूजला माझा मेव्हणा निकेल मारून देतो. आरशासारखं करतो बघा. दुप्पट भाव!"

चाचा उठतात का काय असं वाटलं. "त्याला हात लावू नको सांग! पॉलिशचा दगडसुद्धा नको!" मग दत्ताकडं वळून हळू आवाजात समजावलं. लोखंडावरचं मूळ निळं पाणी जितकं शिल्लक, तितकी किंमत. ते घासलं की शिक्के बुजतात, कडा गोल होतात, आणि घेणाऱ्याला वाटतं, काहीतरी लपवलंय. फ्रेमवरचा आणि गोळ्यांच्या चक्रीवरचा नंबर जुळतो का बघायचा. घोडा चढवून चक्री बोटानं हलवायची, लडबडली तर भाव पडला. नळीतल्या आट्या उजेडाला धरून बघायच्या, मुठीच्या पट्ट्या मूळ आहेत का बघायच्या. आणि लांब गोळी बसते का फक्त आखूड, हे विचारायचं, कारण कानपूरच्या रिव्हॉल्व्हरची लांब गोळी चक्रीच्या आखूड घरात जातच नाही. मग घेणारा गोळ्या आणणार कुठून?

फोटोत नळीपाशी एक बारीक मुकुट होता, खाली दोन अक्षरं, एन पी. चाचांनी बोट ठेवलं. "बर्मिंगहॅमच्या तपासणीचा शिक्का. १९०४ पासूनचा."

"म्हणजे कॉन्टिंजंटच्या, त्या निजामाच्या खर्चानं पोसलेल्या इंग्रजी फौजेच्या, गोऱ्या साहेबाचंच!" गजा. "इथं मोमिनाबादला, आताच्या अंबाजोगाईला, छावणीच होती. जाहिरातीत तसंच लिहायचं."

मास्तर म्हणले, "हैदराबाद कॉन्टिंजंट १९०३ ला इंग्रजांच्या हिंदी फौजेत विलीन झालं, गजानन. साहेब गेला आन शिक्का मागून आला का?"

इथं दत्ता जरा अडखळला. अर्जाला बाकीच्या वारसांची संमती लागते आणि ताई सही देईना. का देईना, ते कट्ट्याला माहीत आहे. जमिनीच्या वेळी एक साडी नेसवून तिच्याकडून हक्कसोड करून घेतलं होतं. दत्ता पुटपुटला, "एवढ्याशा लोखंडासाठी अडून बसलीय."

"आत्ता तर लाखाचं झालं होतं," चाचा म्हणले, "बहीण आली की लगेच लोखंड?"

दत्ता खाली बघत राहिला. मला तेव्हा त्याची दया आली नाही. ताईचा वाटा आहे, आणि तो मोकळ्या मनानं कबूल केला तर सहीही येईल. मास्तरांनी जमिनीचा विषय वाढवला, त्यातून त्यांच्या स्वतःच्या बांधाचा निघाला, त्यातून गजाच्या चुलत्यानं सरकवलेल्या दगडाचा. अर्धा तास त्यातच गेला.

शेवटी दत्तानं निजामाच्या काळातल्या उर्दू परवान्याची झेरॉक्स काढली. चाचा खुश. "हे बघ, हा कागद म्हणजे निम्मा भाव! आजोबाचं नाव, हत्याराचा नंबर, सन १३४५."

"तेराशे पंचेचाळीस!" गजा ताडकन उभा. "अरे, सहाशे-सातशे वर्षांचं निघालं की! म्युझियम कोटी देईल!"

"फसली सन आहे ते, निजामाच्या दफ्तरातलं," मास्तर म्हणले. "त्यात ५९० मिळव. १९३५ च्या आसपास. नाही तर तुघलकानं दौलताबादला येताना कमरेला लावून आणलं असंल."

चहावाल्यासकट सगळे हसले. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसू ओसरल्यावर त्यांनी दत्ताला सांगितलं, आकडा आज बोलू नको. परवाना होऊ दे, दोन वेगळ्या दुकानदारांकडून किंमत लिहून घे. अदलाबदलही विक्रीसारखीच, कलेक्टर नाही तर ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावंच लागतं. तेवढ्यात घाईनं घेणारे आपोआप गळतात.

दत्तानं बाजूला जाऊन ताईला फोन लावला. इकडं पोऱ्या चहाचे पैसे मागायला आला.

"आज तुघलकबादशा देणार," मास्तरांनी गजाकडं बोट केलं.

गजानं खिसा चाचपला. चाचा ओरडले, "अन् हां, तांब्याची नाणी चालणार नाहीत!"