"ताण कुणाला नसतो?" या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, अमेरिकन विद्यापीठांतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या ताणाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता, "ताण कुणाला नसतो? आम्हीही मराठी माध्यमातूनच गेलो, रडत नाही बसलो." मतभेद असू देत. पण ज्यांना कधी पाहिलंही नाहीत त्यांना 'रडत बसलेले' म्हणालात, ते मला लागलं.

एक चूक कबूल. 'आपल्या लोकांना हे जमत नाही' या समजाच्या दडपणाखाली कृष्णवर्णीय मुलांचे परीक्षेतले गुण घसरतात, हे दाखवणारा स्टील आणि अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग १९९५चा, मी १९९७ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. तो प्रयोग पुन्हा केला तर टिकत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. त्यावर वाद आहेत, मला ठाऊक आहेत, इथे त्यात शिरत नाही.

'रडत बसण्या'चा मुद्दा मात्र सोडणार नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात सत्तरच्या दशकात गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइझमन यांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास कसा चालतो ते जवळून पाहिलं. मुलांना आस्था नाही, असाच सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात ती मान मोडून अभ्यास करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासायची. ट्राइझमननी गट करून मुद्दाम अवघड गणितं दिली आणि निकाल बदलले. यात रडणं कुठे आलं, सांगा ना!

मी स्वतः तिकडे चार वर्षं कॅल्क्युलसची ट्यूटोरियल्स घेतली आहेत. एका वर्गात एकच कृष्णवर्णीय मुलगी होती. उत्तर बरोबर लिहायची आणि मी बाकाजवळ पोचेपर्यंत खोडून टाकायची. खोडून खोडून वहीचं पान तिथे विरलं होतं. "बरोबर होतं की," म्हटलं तर म्हणायची, "नक्की?" पहिल्याच आठवड्यात दोघांनी तिला विचारलं होतं, कुठल्या खेळातून प्रवेश मिळाला?

मीही मराठी माध्यमाचाच, अकोल्याचा. इंग्रजी बोलताना घाम फुटायचा. पण भारतीय म्हणजे गणितात पक्का, हे तिथे सगळे आधीच धरून चालायचे. माझं गणित चुकलं तर 'झोप झाली नसेल'. तिचं चुकलं की 'वाटलंच होतं'. तुमचा-माझा ताण आणि तिचा ताण एकच, हे म्हणायला तुमची जीभ कशी रेटते?

आरक्षणावरच्या तुमच्या चार ओळींना उत्तर देत नाही, तो माझा विषयच नव्हता. पुन्हा जरूर लिहा, पण 'रडत' हा शब्द वगळून.