जुगाड म्हणू नका हो

आज सकाळी एका सर्व्हिस सेंटरात (नाव घेत नाही, उगाच भांडण नको) माझ्या मारुती 800 चं बॉनेट उघडून एक पोरगा हसला. रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) मी सायकलची ट्यूब गुंडाळली होती. "काका, असलं जुगाड आमच्याकडे चालत नाही." वर दुसऱ्याला हाक मारून दाखवलं. प्रदर्शन!

काल रात्री बाणस्तारीला, भर पावसात, होज फाटला. डिकीत जुनी ट्यूब असतेच. बोटभर रुंद पट्टी कापली, ताणून गुंडाळली, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून, आणि दोन्ही टोकांना तार. इंजिन थंड झाल्यावर पाणी भरलं, झाकण मुद्दाम पुरतं आवळलं नाही, म्हणजे आत प्रेशर चढत नाही. हळूहळू फोंड्याला घरी. थेंब गळत होते, नाही असं नाही. पण पोचलो ना?

आमच्या घरात जुगाड हा शब्दच नव्हता. बाबा म्हणायचे, "आत्ता भागवू, मग बघू."

1988 चा मे. बाबांची प्रीमियर पद्मिनी गाडी, मागे आत्या, तिच्या पायाशी मानकुराद आंब्यांची पेटी. तिला बेळगावला सासरी पोचवायचं होतं. अनमोड घाटाच्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद. बाबांनी बॉनेट उघडलं, टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. मग आत्याच्या पिशवीतला नवाकोरा पंचा काढला, तांब्यातल्या पिण्याच्या पाण्यात भिजवला आणि पंपावर ठेवला. आत्या ओरडतेय, बाबा बिडी ओढत लांब कठड्यावर बसलेत. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू.

का, ते मला पुढे कळलं. तो पंप इंजिनलाच चिकटलेला. उन्हात चढावर तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. म्हणून ओला पंचा. याला जुगाड म्हणायचं? अहो, रोग ओळखून औषध दिलं त्या माणसानं! संगणकावर पार्ट नंबर शोधून अख्खी असेंब्ली (जोडलेला सगळा संच) बदलणाऱ्यानं हसायचं नाही. आज तर असेंब्लीही नाही, थेट "पार्ट येत नाही, नवी घ्या." 800 बनायची 2014 लाच थांबली, मला माहीत आहे. तरी तोच होज फोंड्यातल्या जुन्या स्पेअरवाल्यानं दहा मिनिटांत माळ्यावरून काढून दिला.

हां, ब्रेकला आणि स्टेअरिंगला तार-दोरी नको, कबूल. फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी तर मुळीच नको, आमच्या एका काकांचं वायरिंग त्यात जळलंय. बाबांनीही एकदा तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. मनगटावरचा डाग शेवटपर्यंत होता. झालं समाधान?

आणि गंज! गोव्यात समुद्राजवळ गाडी ठेवणाऱ्याला विचारा. पद्मिनीच्या ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेला तेव्हा बाबांनी तेलाचा डबा कापून रिबिट मारले, वरून डांबर. डब्यावरची अक्षरं आतल्या बाजूला आली होती. आई म्हणायची, तुम्ही पाय ठेवता तिथं "शुद्ध" लिहिलंय.

आता राग थोडा उतरलाय. त्या पोराचं काय चुकलं म्हणा, त्याला ट्यूब गुंडाळायची परवानगीच नाही. गुंडाळली आणि वाटेत सुटली तर बोलणी तोच खाणार. आणि हल्ली इंजेक्शनच्या (पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांचा पंप टाकीतच असतो, अनमोडला ओला पंचा लागत नाही. चांगलंच आहे. फक्त हसू नकोस रे बाबा.

लिहिता लिहिता आत्याला फोन लावला. ऐंशीच्या पुढे गेलीय, पण अनमोडचा घाट लख्ख आठवतोय. म्हटलं, बाबांनी त्या दिवशी कमाल केली ना?

"कमाल कसली? माझा पंचा ग्रीस लावून परत दिला तुझ्या बापानं. आणि प्यायला पाणी उरलं नाही ते खानापूरपर्यंत."